हवाई बेटाचे गाणे : पर्यटकांसाठी आणि स्वतःसाठी

ईस्टरचा रविवार मागे पडला की पॅसिफिक महासागरातील हिलो या पावसाळी गावात हॉटेलची खोली मिळणे दुरापास्त होते. येथील ज्या क्रीडागारात एरवी टेनिस आणि बास्केटबॉलचे सामने रंगतात, तेथे त्या आठवड्यात लाकडी रंगमंच उभा राहतो आणि लागोपाठ तीन रात्री हुला नृत्याची स्पर्धा चालते. तिकिटांची मागणी महिनोन्महिने आधी नोंदवावी लागते. ज्यांना तिकीट मिळत नाही ते घरी दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसतात. कोणत्या पथकाने कोणते स्तोत्र निवडले, कोणाची पावले चुकली, परीक्षकांनी कोणावर अन्याय केला, यावर पुढचे कित्येक दिवस चर्चा झडतात. हा 'मेरी मोनार्क' महोत्सव. हवाईला जाणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना मात्र त्याचा पत्ताही नसतो. त्यांनी हुला पाहिलेला असतो तो समुद्रकाठच्या हॉटेलात, रात्रीच्या जेवणासोबत.

एकाच नावाच्या कलेची ही दोन रूपे एकाच बेटावर शेजारी शेजारी नांदतात. एक पाहुण्यांसाठी, दुसरे स्वतःसाठी. बेटावरील संगीताचा आणि उत्सवांचा खरा आनंद घ्यायचा, तर आपण कोणते रूप पाहत आहोत आणि ते येथवर कसे आले, हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम नावाचा घोळ. हवाई हे अमेरिकेचे राज्य. आठ प्रमुख बेटांचे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच. गोंधळ टाळण्यासाठी लोक त्याला 'बिग आयलंड' म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १०,४३० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ तिप्पट. वस्ती मात्र दोन लाखांच्या आसपास. राज्याची राजधानी होनोलुलू मात्र या बेटावर नाही. ती ओआहू या दुसऱ्या बेटावर आहे. पूर्व किनाऱ्यावर हिलो, पश्चिमेस कोरड्या हवेचे आणि हॉटेलांनी गजबजलेले कैलुआ-कोना, उत्तरेस गुरांची कुरणे आणि दक्षिणेस धुमसता किलाउएया ज्वालामुखी, असा या बेटाचा साधारण नकाशा आहे.

बंदीतून वाचलेले नृत्य

हवाईयन लोकांकडे लिपी नव्हती. वंशावळी, देवदेवतांच्या कथा, समुद्रमार्ग, राजांचे पराक्रम हे सारे पाठांतराने आणि गायनाने एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. हुला हा त्या पठणाचा देह होता. शब्द आधी, हालचाल त्यामागून. हात, पावले आणि नजर यांनी त्या शब्दांना आकार द्यायचा, हा या नृत्याचा गाभा.

१८२० मध्ये अमेरिकेतून ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांना हे नृत्य मूर्तिपूजेचे आणि स्वैराचाराचे वाटले. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या काआहुमानू राणीने १८३० मध्ये सार्वजनिक हुलावर बंदी घातली. बंदीची अंमलबजावणी पुढे ढिली पडली. पण राजमान्यता गेली ती गेलीच. खेड्यापाड्यांतील काही घराण्यांनी ही विद्या गुपचूप जपली.

तिला पुन्हा राजदरबारात आणले ते कालाकाउआ या राजाने. १८७४ मध्ये सत्तेवर आलेला हा राजा संगीताचा दर्दी होता. १८८१ मध्ये तो जगप्रवासाला निघाला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा मानला जातो. जपान, चीन, सयाम असे करीत तो भारतातही आला आणि कोलकात्याहून मुंबईमार्गे पुढे इजिप्तकडे गेला. १८८३ मधील राज्याभिषेकाच्या सोहळ्यात आणि १८८६ मधील आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने हुला उघडपणे, दिमाखात सादर करविला. मिशनरी मंडळींनी नाके मुरडली. लोकांनी मात्र त्याला 'आनंदी राजा' ठरविले. 'मेरी मोनार्क' हे नाव त्यावरून आले.

कालाकाउआ १८९१ मध्ये वारला. त्याच्या पश्चात गादीवर आलेली त्याची बहीण लिलिउओकालानी स्वतः उत्तम संगीतरचनाकार होती. जगभर निरोपाचे गीत म्हणून ठाऊक असलेले 'अलोहा ओए' तिचेच. १८९३ मध्ये अमेरिकी उद्योजक आणि मळेवाल्यांच्या गटाने, अमेरिकी नौसैनिकांच्या उपस्थितीत, तिला पदच्युत केले. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत विलीन करण्यात आले. त्याआधीच, १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले होते. वर्गात हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. दोन-तीन पिढ्यांत आजीची भाषा नातवाला कळेनाशी झाली. ज्या नृत्याचा प्राणच शब्द, त्याला याहून मोठा आघात कोणता?

त्सुनामीनंतरचा उत्सव

मेरी मोनार्क महोत्सवाचा जन्म मात्र संस्कृतिरक्षणाच्या हेतूने झाला नाही. मे १९६० मध्ये चिलीतील प्रचंड भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामी लाटांनी हिलोचा किनाऱ्यालगतचा भाग धुऊन नेला. ६१ जण मृत्युमुखी पडले. बाजारपेठ कोलमडली. गावात पर्यटक यावेत यासाठी काउंटीच्या तत्कालीन अध्यक्षा हेलेन हेल यांनी उत्सवाची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये तो प्रथम साजरा झाला. कालाकाउआसारखी दाढी ठेवणाऱ्यांची स्पर्धा, शर्यती, नृत्यसमारंभ असे त्याचे तेव्हाचे स्वरूप होते. काही वर्षांतच उत्साह ओसरला आणि तो बंद पडण्याच्या बेतात आला.

तो सावरला डॉटी थॉम्पसन या स्थानिक कार्यकर्तीने. हुला गुरू जॉर्ज नाओपे यांच्या साहाय्याने तिने १९७१ मध्ये हुलाची स्पर्धा सुरू केली. आरंभी ती केवळ स्त्रियांसाठी होती. १९७६ पासून पुरुषांची पथकेही उतरू लागली. हा काळ हवाईयन पुनर्जागरणाचा होता. त्याच वर्षी 'होकुलेआ' ही पारंपरिक बांधणीची नौका आधुनिक उपकरणांविना, ताऱ्यांच्या आधारे ताहितीला पोहोचली. १९७८ मध्ये हवाईयन भाषेला इंग्रजीच्या जोडीने राज्यभाषेचा दर्जा मिळाला. १९८० च्या दशकात हवाईयन माध्यमाच्या बालशाळा निघाल्या. हिलो येथील विद्यापीठात आज या भाषेचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. गावाच्या बाजारपेठेसाठी काढलेला उत्सव अशा रीतीने एका समाजाच्या स्मरणशक्तीचा उत्सव बनला.

क्रीडागाराला नावही साजेसेच आहे. एडिथ कानाकाओले या हुला गुरू आणि भाषेच्या शिक्षिका. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली.

महोत्सवाचा क्रम ठरलेला असतो. बुधवारी 'होइके', म्हणजे स्पर्धेबाहेरचे विनामूल्य सादरीकरण. त्यात पॅसिफिकमधील इतर बेटांची पथकेही येतात. गुरुवारी एकल नर्तकींची 'मिस अलोहा हुला' स्पर्धा. येथे भाषाप्रभुत्वासाठी वेगळे पारितोषिक असते. शुक्रवारी प्राचीन शैली, शनिवारी अर्वाचीन शैली. शनिवारी सकाळी गावातून निघणारी मिरवणूक पाहण्यास तिकीट लागत नाही. तिकीट न मिळालेल्या पाहुण्याने निराश होऊ नये, असे तेथील लोक सांगतात, ते यामुळेच. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महोत्सव रद्द झाला आणि २०२१ मध्ये तो प्रेक्षकांविना पार पडला. हे दोन अपवाद सोडल्यास परंपरा अखंड आहे.

हुला पाहावा कसा?

प्राचीन शैलीला 'हुला काहिको' म्हणतात. तिच्यात गिटार नसते, सुरावट जवळजवळ नसते. गुरू खाली बसून भोपळ्याचे दुहेरी वाद्य, 'इपू हेके', जमिनीवर आपटीत आणि हाताने थापीत पठण करतो. कधी शार्कच्या कातड्याने मढविलेला 'पाहू' ढोल असतो. नर्तकांच्या हातात पिसांचे खुळखुळे, चिरलेल्या बांबूच्या काठ्या किंवा नदीतले गुळगुळीत गोटे असतात. गुडघे वाकलेले, देह जमिनीलगत, आवाज खणखणीत. बेटावरील काही घराण्यांच्या शैलीत हा जोर इतका असतो की ज्वालामुखीच्या पेले या देवतेची आठवण व्हावी. ती देवता किलाउएयाच्या विवरात राहते, अशी श्रद्धा आहे. महोत्सवाच्या आठवड्यात अनेक पथके आधी त्या विवराकाठी जाऊन स्तोत्र म्हणतात आणि मगच रंगमंचावर येतात.

अर्वाचीन शैली ती 'हुला आउआना'. तिच्यात उकुलेले, गिटार, बास आणि गोड, कधी अतिशय उंच पट्टीतला गळा. वेशभूषा रंगीत, लय झुलती. नवख्या प्रेक्षकाला ही शैली लगेच आवडते. पण तिच्यातही हात शब्दच बोलत असतात. पाऊस, लाट, फूल, डोंगर, प्रिय व्यक्ती यांसाठीचे हस्तविन्यास ओळखू येऊ लागले की नृत्य वाचता येऊ लागते.

गुरूला 'कुमू', पथकाला किंवा शाळेला 'हालाऊ' म्हणतात. हालाऊमध्ये प्रवेश, शिस्त, गुरूची परंपरा सांगण्याचा अभिमान, ठरावीक शिक्षणानंतरची दीक्षा, हे सारे आपल्याकडील घराणेदार गुरू-शिष्य परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला सहज कळेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती 'काओना'. म्हणजे गीतातील दडलेला अर्थ. गीत वरवर पाहता पावसाचे किंवा फुलाचे असते; जाणकाराला त्यात प्रेम, विरह, राजनिष्ठा किंवा टोमणा ऐकू येतो. बेटावरच्या पावसालाही गावागणिक वेगळी नावे आहेत. हिलोच्या पावसाचे नाव 'कानिलेहुआ'. लेहुआ हे तिथल्या रानातले लाल फूल. नावाचा उल्लेख झाला की ऐकणाऱ्यासमोर ते गाव उभे राहते.

गुराख्यांची गिटार

या बेटाच्या संगीतातील गिटारीची कथा गुरांपासून सुरू होते. १७९३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने कामेहामेहा राजाला गुरे भेट दिली. राजाने त्यांच्या हत्येस मनाई केली. काही दशकांत गुरे इतकी माजली की शेते आणि घरे धोक्यात आली. तेव्हा तिसऱ्या कामेहामेहाने १८३० च्या दशकात कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी आणविले. हे लोक स्पॅनिश बोलत, म्हणून 'एस्पान्योल'चे हवाईयन उच्चारात 'पानिओलो' झाले, आणि हवाईयन गुराख्याला आजही हाच शब्द आहे.

त्या गुराख्यांच्या गिटारी बेटावर रुजल्या. स्थानिकांनी तारा आपल्या गळ्याला साजतील अशा सैल केल्या. यालाच 'कीहोआलू', इंग्रजीत 'स्लॅक की', असे नाव पडले. अंगठा खर्जाच्या तारांवर लय धरतो आणि बोटे वरच्या तारांवर धून वाजवितात. एकच वादक असूनही दोन वाद्ये वाजल्याचा भास होतो. कोणत्या तारा किती सैल करायच्या, हे कित्येक कुटुंबांत गुपित असे. १९४६ मध्ये गॅबी पाहिनुई याने 'हिइलावे' हे गीत ध्वनिमुद्रित केले. स्लॅक कीच्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रणांत त्याचे स्थान मोलाचे आहे. हिइलावे हा याच बेटावरील वाइपिओ खोऱ्यातला उंच धबधबा. गीत म्हटले तर धबधब्याचे, म्हटले तर एका प्रेमप्रकरणाचे आणि त्यावरून उठलेल्या कुजबुजीचे. काओनाचे याहून चांगले उदाहरण नाही.

लेडवर्ड काआपाना हा या शैलीचा आजचा ज्येष्ठ वादक दक्षिण किनाऱ्यावरील कालापाना गावात वाढला. ते गाव १९९० मध्ये लाव्हाखाली गाडले गेले. गावे नाहीशी होतात आणि त्यांच्या धुना उरतात, हे या बेटावर अक्षरशः खरे आहे.

उकुलेले आले पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी आलेल्या मजुरांनी आपले छोटे तंतुवाद्य सोबत आणले. त्यांच्यातील सुतारांनी येथील लाकडापासून ते घडविले आणि कालाकाउआने त्याला दरबारी प्रतिष्ठा दिली.

तिसरे वाद्य भारतीय वाचकाच्या कानाला सर्वांत ओळखीचे. ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या मुलाने १८८० च्या दशकात गिटारीच्या तारांवर धातूचा तुकडा सरकवून सलग, मानवी गळ्यासारखा स्वर काढण्याचे तंत्र विकसित केले. ही 'हवाईयन गिटार' १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर जगभर गेली. ताऊ मो हा वादक आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिला आणि तेथे त्याने हे वाद्य लोकप्रिय केले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी ते वाजविले; जुन्या चित्रपटगीतांच्या धुना या गिटारीवर ऐकलेले वाचक महाराष्ट्रात आजही भेटतील. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका सुपरिचित आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हीदेखील याच वंशातली. मींडेचा सोस असलेल्या आपल्या संगीताने हे वाद्य चटकन आपले म्हटले, यात नवल नाही.

बेटावर हे संगीत ऐकायचे कोठे? हिलोत १९२५ चे पॅलेस थिएटर आहे. वाइमेआ या गुराख्यांच्या गावात काहिलू थिएटर आहे. याखेरीज चर्चची पटांगणे, उद्याने आणि शनिवारचे बाजार येथे विनामूल्य मैफली चालतात. स्थानिक वृत्तपत्र चाळणे हा उत्तम मार्ग.

लुआऊमध्ये काय हवाईयन, काय नाही

हॉटेलांतील 'लुआऊ' म्हणजे मेजवानी आणि नृत्याचा एकत्रित कार्यक्रम. भूमिगत भट्टीत भाजलेले डुक्कर, अळूच्या कंदाचा 'पोई' आणि पाठोपाठ रंगमंच. अळूची कोवळी पाने घालून केलेल्या पदार्थाचे नाव 'लुआऊ', त्यावरून पुढे मेजवानीलाच ते नाव मिळाले. शाकाहारी पाहुण्याने आधी चौकशी केलेली बरी.

या कार्यक्रमातील सर्वांत टाळ्या घेणारे भाग बहुधा हवाईचे नसतात. पेटत्या सुऱ्या फिरविण्याचे नृत्य सामोआचे. वेगवान ढोलांवर कंबर हलविण्याचे नृत्य ताहितीचे. हे सादर करणारे कलावंत कुशल असतात, आणि सारी पॅसिफिक बेटे परस्परांची नातलग आहेत. त्यामुळे कार्यक्रम आनंदाने पाहावा. फक्त तेवढ्यावरून हुला पाहिल्याचे समाधान मानू नये. हॉटेलात नाचणारी मुलगी रविवारी तिच्या हालाऊमध्ये निराळे नृत्य शिकत असते, आणि हॉटेलच्या पगारावर त्या शिक्षणाचा खर्च भागत असतो, असेही घडते. दोन रूपांमधली रेषा वाटते तितकी सरळ नाही.

वर्षभराचे सोहळे

११ जून हा कामेहामेहा दिन. बेटे एकछत्री करणाऱ्या या राजाचा जन्म बेटाच्या उत्तर टोकाला, कोहाला भागात झाला. तेथील कापाआऊ गावातल्या त्याच्या पुतळ्याला त्या दिवशी लांबच लांब फुलांच्या माळा चढविल्या जातात. या पुतळ्याची कथा रंजक आहे. युरोपातून येताना तो जहाजासह फॉकलंड बेटांजवळ बुडाला. दुसरा पुतळा करवून होनोलुलूत बसविण्यात आला आणि पुढे सापडलेला मूळ पुतळा राजाच्या जन्मभूमीला मिळाला.

जून ते ऑगस्ट या काळात शनिवार-रविवारी जपानी बौद्ध मंदिरांच्या अंगणात 'बोन' नृत्ये होतात. १८८५ पासून उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी मजुरांनी पितरांच्या स्मरणाचा हा सोहळा येथे आणला. मध्ये मनोरा, त्यावर ढोल, भोवती कंदिलांच्या उजेडात फिरणारे रिंगण. परक्यालाही हात धरून आत घेतात. पावले दोन फेऱ्यांत जमतात. फेब्रुवारीच्या आरंभी वाइमेआत चेरीच्या बहराचा उत्सव असतो, तर नोव्हेंबरात कोना येथे १९७० पासून चालत आलेला कॉफी महोत्सव.

गाणे म्हणजे हक्कही

या कलांकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही, याचा प्रत्यय जुलै २०१९ मध्ये आला. मौना केआ या ४,२०० मीटरहून उंच, हवाईयन लोकांना पवित्र असलेल्या पर्वतावर तीस मीटर व्यासाची महादुर्बीण उभारण्याचे काम सुरू होणार होते. या प्रकल्पाच्या भागीदारांत भारतही आहे. बेटावरील लोकांनी पायथ्याशी रस्ता अडविला. तीसहून अधिक वयोवृद्धांना अटक झाली. त्यानंतर कित्येक महिने त्या लाव्हाच्या माळावर दररोज ठरल्या वेळी स्तोत्रपठण आणि हुला होत राहिला. दुर्बिणीच्या बाजूनेही मते होती, हवाईयन लोकांतही होती. वाद मिटलेला नाही. परंतु घोषणांऐवजी जे म्हटले जात होते ते पाठ कोणी केले होते, तर मेरी मोनार्कच्या आणि हवाईयन शाळांच्या पिढीने. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांच्या आजोबांना ती भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता, त्यांनी.

पाहुण्याने पाळावयाचे नियम म्हणूनच फार नाहीत, पण आहेत. पठण सुरू असताना बोलू नये, उठू नये, फ्लॅश टाळावा. कालाकाउआने शब्द लिहिलेले 'हवाई पोनोई' हे गीत सुरू झाले की उभे राहावे. ते एके काळी स्वतंत्र राज्याचे राष्ट्रगीत होते. प्राचीन देवस्थानांच्या दगडी चौथऱ्यांवर चढू नये, लाव्हाचा खडा स्मरणिका म्हणून उचलू नये. कोणी गळ्यात फुलांचा 'लेई' घातला तर तो देणाऱ्यासमोर काढून ठेवू नये.

प्रवासाची आखणी करताना विमानाच्या तिकिटाआधी दिनदर्शिका पाहावी. ईस्टरनंतरचा आठवडा, ११ जून, उन्हाळ्यातले शनिवार, नोव्हेंबर, यांपैकी एखादा मुहूर्त साधला तर बेट स्वतःसाठी गात असते. त्या वेळी पाहुण्यालाही बाजूला जागा मिळते.